हीटरच्या पंख्याची सुनावणी

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत नाना बोरस्ते रोज सकाळी गाडीची साक्ष घेतात. बॉनेट उघडतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि दरडावतात, "हं, जे सांगशील ते खरं सांग!"

गाडी गप्प.

"उत्तर देत नाही. लिहून घ्या."

लिहून घेणारं तिथं कुणी नसतं. फार तर मी असतो, हातात दुधाची पिशवी घेऊन.

नाना जन्मभर कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी त्यांच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही, 'पुकारा' होतो. गळका नळ 'प्रलंबित' असतो. आणि यंदाचा आरोपी होता गाडीतल्या हीटरचा पंखा.

नाशकात गाडीत हीटर लावतं कोण? हा माझा पहिला गोंधळ. तो मात्र लगेच फिटला. दिवाळीनंतर माईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता रोज भल्या सकाळी, ऐन थंडीत, त्यांना गंगापूर रोडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं.

"तिला थंडी वाजली तर ती सांगणार कशी?" नाना म्हणाले. "म्हणून ती वाजताच कामा नये."

इथवर समजलं. पुढचं काहीच समजेना. बटण एकवर, दोनवर, तीनवर ठेवलं की पंखा नुसता कण्हायचा. चारवर ठेवलं की मुठीत खडे खुळखुळावेत तसा वाजायचा आणि बंद पडायचा. नानांनी आधी बॅटरीवर संशय घेतला, मग फ्यूजवर, मग रेडिएटरच्या पाण्यावर. फ्यूज बदलला तर हॉर्न गेला. हॉर्न आला तेव्हा वायपर आपोआप फिरायला लागले. पंखा तसाच.

"नाना, मेकॅनिकला दाखवा ना."

"मेकॅनिकला? गाडी बिघडण्यात त्याचा हितसंबंध आहे. त्याची साक्ष ग्राह्य नाही."

"मग आता?"

"पुढची तारीख. सोमवार."

माझं डोकं फिरलं. मी मोर्च्यांत पत्रकं वाटत मोठा झालेला माणूस. 'पुढची तारीख' हे शब्द मला शिवीसारखे लागतात. "नाना, तारखा देऊन देऊन या देशात सामान्य माणसाला कधी न्याय—"

"आवाज खाली, क्रांतिकारक. पत्रकात काय छापायचं ते छापा. इथं स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो का, तेवढं बोला."

येत नव्हता. तरी धरला.

डॅशबोर्डचा कप्पा काढला, त्यामागचा पंखा ओढून बाहेर घेतला. पात्यांमध्ये झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा गोळा अडकलेला, आणि त्यामागून तांदूळ. लालसर तांदूळ. मूठभर निघाले, आणखी मूठभर निघाले, निघतच राहिले. मी नानांकडे बघतोय, नाना तांदळाकडे. पंख्यात तांदूळ? उंदरांनी साठवले? आणि उंदीर ते रंगवतील कशाला?

आधी नानांच्या लक्षात आलं. दर दसऱ्याला माई गाडीची पूजा करायच्या. बॉनेटवर स्वस्तिक, हेडलाइटला हळदकुंकू, आणि अक्षता व फुलं मात्र पुढच्या काचेखालच्या जाळीवर, मूठ भरभरून. "गाडीचं कपाळ ते," म्हणायच्या. हीटरला हवा जाते ती त्याच जाळीतून.

मला तर रानच मोकळं मिळालं. "बघा नाना! आपण यंत्राचा देव करतो आणि मग ते यंत्र—"

"किती टाकायची ही," नाना तांदूळ बोटांनी पसरत म्हणाले. "मी म्हणायचो, अगं पुरे. तर म्हणायची, तुम्ही ब्रेक उशिरा दाबता."

माझं भाषण तिथंच संपलं. नानांनी टूथब्रशनं एकेक पातं साफ केलं आणि आम्ही सगळं होतं तसं बसवलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, हे अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी दोघांनी धरून माईंना पुढच्या सीटवर बसवलं. अंगावर शाल, पायात मोजे, डोक्याला गुलाबी कानटोपी. इंजिन तापेपर्यंत थांबलो. नानांनी बटण एकवर केलं. पंखा मुकाट फिरायला लागला.

ऊब आली. म्हणजे मला आली, मी खिडकीतून हात घालून पाहिला. माईंना आली का? त्या समोर काचेकडे बघत बसलेल्या.

"बरं वाटतंय?" नानांनी विचारलं. "वाढवू? जास्त होतंय का? बंद करू?" वाकून वाकून ते त्यांच्या चेहऱ्यात बघत होते. एक हात बटणावरच होता. मी दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात माईंचा डावा हात उचलला गेला. सावकाश वर गेला, कानटोपीशी जरा झटला. मग त्यांनी ती ओढून काढली आणि नानांच्या मांडीवर टाकली.

ती गुलाबी कानटोपी नानांनी स्वतःच्या डोक्यावर चढवली, कानांवर नीट ओढली आणि गाडी गेटकडे काढली.