रंग एकालाच

नाना शिवलकरांच्या हाती फोटो लागला, की त्यातल्या कुणा एकाचाच रंग शाबूत राहतो. बाकी सगळे राखाडी. माझ्या लेकीच्या साखरपुड्याचा फोटो त्यांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर सजवून दिला. त्यात लेक राखाडी, जावई राखाडी, विहीणबाईंची एवढी भारी पैठणी, तीसुद्धा राखाडी. आणि लालभडक काय, तर विहीणबाईंच्या हातातला कोकम सरबताचा ग्लास! भोवती आंब्यांची चौकट, चारी कोपऱ्यांत एकेक खेकडा.

"नाना, अहो नवरीला तरी रंग द्यायचात!" मी चिडलेच.

"नवरीकडे सगळे बघतातच गो. सरबताकडे कोण बघतो? रंग एकालाच द्यायचा. सगळ्यांना दिला की कोणच दिसत नाय."

विहीणबाई अजून तो फोटो आल्यागेल्याला दाखवतात आणि दाखवताना माझ्याकडे बघतात.

नाना आमचे शेजारी. रत्नागिरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला ते. जन्मभर बांधकाम खात्यात नकाशे काढले. नकाशाला चौकट नसली तर साहेब सही करत नसत, त्यामुळे चौकटीशिवाय नानांना काही बघवतच नाही. ते रिटायर झाले आणि त्यांचा मुलगा महेश बोटीवर नोकरीला लागला. निघण्याआधी त्याने बापाला आपला जुना लॅपटॉप दिला, आणि तिथून हा कारखाना सुरू झाला. झेंडूची चौकट, शंखांची चौकट, नांगर आणि दोरखंडाची चौकट. पूर्णगडचे त्यांचे चुलते वारले, तेव्हा श्रद्धांजलीच्या फोटोभोवती फुगे उडत होते.

"नाना, ही वाढदिवसाची चौकट आहे हो!"

"मग? जन्मले नव्हते काय?"

कपाळ माझं!

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. "मूळ ठेवलंस ना?" म्हणजे फोटोवर हात चालवण्याआधी मूळ फोटोची कॉपी बाजूला काढलीस ना. फोटोपुरतं ठीक होतं. पण मी वाटीभर कुळथाची पिठी नेऊन दिली तरी झाकण उघडायच्या आधी विचारणार, "मूळ ठेवलंस ना घरात? की सगळं इकडेच?" आमच्या ह्यांनी एकदा मिशी काढली, तर नाना जिन्यातच उभे राहिले आणि हळहळले, "अरेरे, मूळ ठेवायचं होतंत!" आम्ही हसायचो. मीसुद्धा माहेरी गेले की त्यांची नक्कल करून दाखवायचे.

गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी दुपारी त्यांनी बेल वाजवली. "जरा येतेस गो? एक विचारायचं होतं."

लॅपटॉपवर एक फोटो उघडा होता. महेश पहिल्यांदा बोटीवर निघाला त्या सकाळचा, आमच्याच दारात काढलेला. मधे महेश, नारिंगी शर्टात. एका बाजूला नाना, एका बाजूला त्याची आई सुमनवहिनी, दोघंही राखाडी. वहिनींना जाऊन आता तीन वर्षं झाली.

"हिची साडी कुठल्या रंगाची होती गो?"

मी म्हटलं, हिरवी असेल. मग म्हटलं, नाही, जांभळी. माझ्या दारात, माझ्यासमोर उभी होती ती बाई, आणि मला तिची साडी आठवेना. लाज वाटली मला.

"हा मी केलेला पहिलाच," नाना म्हणाले. "तेव्हा कळत नव्हतं. मूळ ठेवलंच नाय. त्याच्यावरच सेव्ह केला, आणि लॅपटॉपात आहे म्हणून मोबाईलमधला पुसला. ही म्हणाली, मला कशाला राखाडी केलंत? मी म्हटलं, तो चाललाय, त्याला रंग. तू काय, तू इथंच आहेस. लईच कुरकुरली, तेव्हा म्हटलं, बरं, उद्या देतो तुला पण. तिघांचा एकत्र असा हा एवढाच फोटो. त्याच पावसाळ्यात ती गेली. साड्या मी वाटून टाकल्या. निळा देऊन बघितला, गुलाबी दिला. कोण परकी बाई उभी राहिल्यासारखी वाटते."

"महेशला विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाला, बाबा, तुम्हाला आवडेल तो द्या. बिचाऱ्याला तिथं रेंज नसते."

मी घरी आले आणि कपाटातला जुना मोबाईल चार्जिंगला लावला. त्या सकाळचे माझ्या लेकीने काढलेले फोटो त्यात होते, पण माणसं कुठली असायला! सगळे आमच्या मांजरीचे. पायरीवर बसून पाय चाटतेय, असे अकरा. शेवटच्यात मात्र मांजरीच्या शेपटीमागे वीतभर साडी आली होती. आमसुली, पोपटी काठाची.

तशीच चपला न घालता पलीकडे धावले. नानांनी तो फोटो लॅपटॉपवर घेतला आणि मोठा करत करत नेला, मांजर गेली, पायरी गेली, पडदाभर नुसता आमसुली रंग राहिला. "हीच. पालीच्या बाजारात घेतलेली. मीच म्हटलं होतं, काळपट दिसते," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मग त्यांनी त्यातला रंग उचलला. मी घाईघाईने म्हटलं, "नाना, मूळ ठेवलंत ना?"

"सात कॉप्या आहेत," ते म्हणाले.

एवढीशी साडी भरायला तासभर लागला. निऱ्या, पदर, काठ. वहिनी हळूहळू आमच्या दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शंखशिंपले येणार, पण नानांनी भोवती फक्त एक काळी रेघ मारली, नकाशाला मारतात तशी.

मला राहवेना. "रंग एकालाच ना, नाना? इथं तर दोघं झाले."

"मायलेक आहेत गो. एकच धरायचे."

"आणि तुम्ही?"

नानांनी फोटोतल्या राखाडी नानांकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

"मला कशाला? मी काय, मी इथंच आहे."