भेकरी, मुंग्या आणि पाण्याची नोंद

बाळांनो, फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. भर उन्हात, डोंगराच्या उतारावरून आलेला. कुत्रं भुंकावं तसा, पण घोगरा आणि थकलेला. ते भेकर होतं. भेकर दिसतं हरणासारखं आणि ओरडतं कुत्र्यासारखं. ते का ओरडत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं. तेच सांगतो.

एका जंगलात त्या वर्षी ओढे आटले होते. तिथे एक भेकरी राहायची. तिला चार दिवसांचं पाडस होतं. पाडसाला धड उभं राहता येत नव्हतं, आणि नदी दोन डोंगरांपलीकडे. भेकरीच्या अंगात दूध उरलं नव्हतं. जवळ कुठे पाणी मिळालं तरच पाडस वाचणार होतं.

पूर्वी अशा वेळी सगळे थोराबाई हत्तिणीकडे जात. ती सोंड उचलून दिशा दाखवी. काम झालं. पण थोराबाई गेली. जाण्याआधी तिने आपलं सगळं शहाणपण सुतारपक्ष्याला सांगितलं. त्याने ते पळसाच्या पानांवर टोचून लिहिलं. पानांचा ढीग एका गुहेत ठेवला, आणि त्या गुहेला शोधकचेरी म्हणू लागले.

शोधकचेरीचे साहेब होते वानर. त्यांच्या हाताखाली दहा हजार मुंग्या. साहेब मुंग्यांना नमुना सांगत, म्हणजे कुठल्या शब्दापासून कुठल्या शब्दापर्यंतचं आणायचं ते. मुंग्या नमुन्यात बसेल ते पान ओढून आणत. मुंग्या फार कष्टाळू. सांगितलं तेवढंच करायच्या, विचार करायच्या नाहीत. म्हणून साहेबांना त्या फार आवडत.

भेकरी आत आली. म्हणाली, "साहेब, तहान लागलीय. थोराबाईनं पाण्याची जागा सांगून ठेवलीय म्हणतात."

"सोपं आहे, बाई. बसा." साहेब मुंग्यांकडे वळले. "नमुना ऐका. 'तहान'पासून 'पाणी'पर्यंत जे असेल ते सगळं आणा."

मुंग्या निघाल्या. 'तहान' लगेच सापडली. पुढे 'पाणी'ही सापडलं. पण त्याच्या पुढेही कुठेतरी पाणी होतं, त्याच्याही पुढे होतं. मुंग्या गेल्या त्या ढिगाच्या तळापर्यंत गेल्या. दुपारपर्यंत भेकरीसमोर पानांचा डोंगर उभा राहिला. त्यात मोराच्या लग्नाची यादी होती, बगळ्याची तक्रार होती, अस्वलाच्या खोकल्यावरचं औषध होतं.

"यात माझं पाणी कुठलं?" भेकरीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"सगळंच तुमचं. नमुन्यात बसलंय," साहेब म्हणाले. मग डोकं खाजवून म्हणाले, "मुंग्या हावरट झाल्या. पहिल्या 'पाणी'शी थांबायला सांगतो."

सगळी पानं परत गेली. मुंग्या पुन्हा निघाल्या. या वेळी एकच पान आलं. पहिल्या 'पाणी'शी मुंग्यांनी ते कुरतडून तोडलं होतं. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "'तहान लागली तर घाबरू नये. पाणी'. बघा! नेमकं!"

"पाणी कुठे?"

"ते पुढे असणार. पण पुढचं आपण मागितलं नाही ना."

"मग मागा की, साहेब! पोर निपचित पडलंय माझं."

"रागावू नका, बाई. दुरुस्ती अशीच एकेक पायरी होते." साहेबांनी नमुना बदलला. पाणी आल्यावरही पुढे जा, पण मघासारखा सगळा ढीग नको, या पानाच्या शेवटपर्यंतच जा. मुंग्या पानाच्या कडेपर्यंत गेल्या आणि थांबल्या. कड ओलांडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उरलेली ओळ खालच्या पानावर होती.

भेकरी म्हणाली, "अहो, मग ते खालचं पान उचला आणि वाचा."

साहेब हसले. "हातानं? हातानंच शोधायचं तर शोधकचेरी कशाला हवी?"

मग त्यांनी मुंग्यांना कड ओलांडायला सांगितलं. मुंग्यांनी या पानाची कड ओलांडली, त्या पानाची ओलांडली, सगळ्यांची ओलांडली. पुन्हा मोराचं लग्न आलं. पुन्हा अस्वलाचा खोकला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "चूक थोराबाईची आहे. एका पानात मावेल एवढंच बोलायला हवं होतं तिनं. आणि बाई, तुमचंही चुकतंच. तुम्ही नुसतं 'तहान' म्हणता. कुणाची, किती, कधीपासूनची, ते सांगायला नको का?"

भेकरी काही बोलणार, एवढ्यात एक रानडुक्कर आत शिरलं. "साहेब, माझीपण एक नोंद करायचीय."

"मागे व्हा, मागे व्हा!" साहेब खेकसले. "पाय बघा आधी! ओल्या चिखलानं गुहा भरवलीत. पानं खराब झाली तर कोण जबाबदार?"

"चुकलं, साहेब. पुसून येतो."

भेकरीने खाली पाहिलं. डुकराच्या खुरांचे ठसे दारातून आत आले होते. काळे, ओले, ताजे. तिने वाकून एका ठशाचा वास घेतला. मग मान वर करून, ठसे जिकडून आले होते तिकडे पाहिलं.

"बाई, थांबा! आता नमुना जमलाय!" साहेब ओरडले. "या खेपेला नक्की सापडतंय!"

भेकरी ठशांच्या मागावर चालू लागली. जाता जाता उतारावरून तिने पाडसाला धीर द्यायला हाक दिली; मी ऐकला होता तो आवाज हाच.

तात्पर्य: बाळांनो, तहान लागली की आधी नमुना नीट करावा. घाईने चिखलाच्या मागे जाणाऱ्यांना नुसतं पाणी मिळतं. त्यांची नोंद शोधकचेरीत 'अर्जदार निघून गेला' अशी होते, आणि मुंग्यांना तीही सापडत नाही.