सासुरवाशीण ज्वारीचे संरक्षण

ज्या वस्तूचा उपयोग होतो ती संपते आणि जिचा होत नाही ती टिकते. पीकवाणांच्या संरक्षणाचे सारे शास्त्र या एका सत्यावर उभे आहे. वर्ध्याच्या वाण संरक्षण केंद्राने ते किती निष्ठेने पाळले, याची लोकांना कदर नाही, याचे आम्हांला फार वाईट वाटते.

१९५६ च्या चैत्रात केंद्राचे संशोधन सहायक लक्ष्मणराव जीपने रोहणा या गावी गेले. (जीप परत आली, अशी अहवालात स्वतंत्र नोंद आहे.) तेथे मनकर्णाबाई या एकट्या विधवेकडे त्यांना ज्वारीचा एक जुना वाण सापडला. त्याचे कणीस मान खाली घालून उभे राहते, म्हणून बाया त्याला सासुरवाशीण म्हणत. वाकड्या मानेवर पाखरांना बसता येत नाही, त्यामुळे राखणीला माणूस लागत नाही. मनकर्णाबाईंकडे माणूस नव्हता. एवढेच त्यांचे संशोधन. बाकी गावाने सुधारलेले बी घेतल्यामुळे हा वाण आता एका भोपळ्यात उरला होता, राख लावून, त्यांच्या कोनाड्यात.

तिकडची रीत अशी, की उन्हाळ्यात घरांना आगी लागतात म्हणून थोडे बी दुसऱ्याच्या घरी ठेवावे आणि ठेवून घेणाऱ्याने ते मिरगाआधी न मागता आणून द्यावे. लक्ष्मणरावांनी नमुना मागितला, तेव्हा बाईंनी भोपळाच पुढे केला.

"माह्यं गवताचं छप्पर हाये, साहेब. तुमचं घर पक्कं. सारंच ठेवा."

केंद्राने राख (अशास्त्रीय) झटकून औषधी पूड (शास्त्रीय) लावली, बी काचेच्या बरणीत भरले आणि लाखेचे सील मारले. क्रमांक ४१७. बरण्यांच्या खोलीवर पत्रे आहेत. वर्ध्याचा मे महिना केंद्राच्या अखत्यारीत येत नाही.

मिरग आला, बी आले नाही. बाई वर्ध्याला आल्या.

"साहेब, पेरणीचा वखत झाला. माह्यं बी द्या."

लक्ष्मणरावांनी त्यांना खुर्ची दिली. "बाई, नष्ट होत असलेल्या वाणाचंच बी बाहेर देता येतं. तुमचा वाण तर सुरक्षित आहे."

"कुठी हाये?"

"बरणीत."

"बरणीतली जवारी पाखरं खात नाईत, खरं हाये. पण मी तरी कशी खाऊ जी?"

याचे उत्तर नियमांत नसल्याने अर्ज तीन प्रतींत घेण्यात आला. नोव्हेंबरात वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. तेव्हा जुन्या राज्यात घेतलेले बी नव्या राज्याने द्यावे काय, हा प्रश्न पत्रव्यवहारात गेला आणि तेथे तोही सुरक्षित आहे.

बाईंनी त्या साली सुधारलेली ज्वारी पेरली. ती ताठ मानेची. पाखरांनी नीट बसून खाल्ली. पुढल्या साली त्यांनी शेत गावातल्या रूपरावांना बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिले आणि त्याच शेतात मजुरीने राखणीला उभ्या राहिल्या, डबा बडवत.

केंद्र दरवर्षी शंभर दाणे भिजवून उगवण तपासते. (यासाठी सील तोडता येते.) १९५६ मध्ये चौऱ्याण्णव उगवले, पुढे एकसष्ट, मग बारा, आणि १९५९ मध्ये एकही नाही. आलेले मोड शिपाई मोतीलाल यांच्या शेळीने खाल्ले. वाणाचा प्रसार झाला तो एवढाच. त्या वर्षीचा शेरा: 'बरणी शाबूत. सील शाबूत. नुकसान निरंक.'

बरणी आता दर्शनी कपाटात असते. मनकर्णाबाई एकदा येऊन पाहून गेल्या. बराच वेळ काचेवर हात ठेवून उभ्या होत्या. "सासरी गेलेली पोर सणाले तरी माघारी येते जी," एवढेच म्हणाल्या. अभिप्रायाच्या वहीत अंगठा घेण्याची सोय नसल्याने ते नोंदवता आले नाही.

वाचकहो, आपल्यालाही हळहळ वाटली असेल. चांगली आहे. झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, टिकेल.