स्वतःचा खर्च काढणारी गाडी

"हा खेळ स्वतःचा खर्च स्वतः काढतो," असं नवऱ्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा बायको केकवर पांढरं क्रीम चढवत होती. तिनं मान वर केली नाही. हे वाक्य पहिल्यांदा आलं ते जुनी लाल गाडी गॅरेजात आली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आलं ते तिचं इंजिन उघडलं तेव्हा. आता परत आलंय म्हणजे स्वारीची नजर आपल्या नव्या ओव्हनच्या पैशांवर गेलीय, हे तिनं ओळखलं.

तसंच झालं. ओव्हनचे पैसे गिअरबॉक्सला गेले. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीच्या बक्षिसातून परत करीन, नाही जमलं तर गाडी विकीन, असं त्यानं आईसमोर कबूल केलं. आई त्याची असली तरी अशा बाबतीत सुनेच्या बाजूनं साक्षीदार असायची. बायकोचा जुना ओव्हन केक एका अंगानं जाळत होता आणि दुसऱ्या अंगानं कच्चा ठेवत होता. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत, पण परत येतही नसत.

नवरा विमा कंपनीत दावे तपासायला होता. कुणाचं छप्पर उडालं, कुणाचं गोदाम जळालं, की हा पेन घेऊन बसे आणि त्या बिचाऱ्याचा आकडा निम्म्यावर आणूनच उठे. स्वतःच्या शर्यतीपुढे मात्र त्याचं काळीज विरघळे. टायर ही गुंतवणूक. पेट्रोल ही करमणूक, कारण नाहीतरी आपण सिनेमाला गेलोच असतो. गाडी ट्रकवर घालून मैदानापर्यंत नेण्याचं भाडं म्हणजे सहल. वर्षभरात बक्षीस म्हणून मिळालेली एक टोपी आणि ऑइलचा एक डबा त्यानं अशा काही किमतीला जमेस धरले होते, की दुसऱ्या कुणी तो दावा टाकला असता तर यानं त्याच्यावर पोलीस घातले असते.

खेळ तसा साधा. दोन गाड्या आणि एक सरळ रस्ता.

"वळणसुद्धा नाही?" आईनं विचारलं होतं. "सरळ जायचं आणि थांबायचं, एवढ्यासाठी?"

मग त्यानं जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि पाण्याचा ग्लास शेजारी शेजारी ठेवून नियम समजावला. हौशी लोकांच्या गाड्या सारख्या नसतात. म्हणून प्रत्येकानं आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधीच काचेवर लिहायचं. हळू गाडीला त्या हिशेबानं आधी सोडतात, आणि मग जो पुढे पोचेल तो जिंकला. मेख एवढीच, की लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर बाद.

"इथं वेगाला किंमत नाही, दिलेल्या शब्दाला आहे," तो बोट वर करून म्हणाला.

हा नियम त्याला तोंडपाठ होता आणि दर वेळी तो याच नियमानं बाद झाला होता. काचेवर वेळ लिहून झाली तरी त्याचे हात स्वस्थ बसत नसत. कुठं काही घट्ट कर, कुठं काही काढून टाक, असं करत तो पाव सेकंद वाचवी आणि घरी येई. मैदानावर सगळे त्याला 'पाव सेकंद' म्हणत. त्याला ते कौतुक वाटे.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी सरावातच नवाकोरा गिअरबॉक्स गेला. लाल गाडीखालून तेल वाहायला लागलं आणि बायकोचा ओव्हन मातीत मुरताना त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्यानं तिला फोन करून न्यायला बोलावलं. ती आली तीच पोचवायचा माल घेऊन. व्हॅनमध्ये मागे आई बसली होती, आणि आईच्या पुढ्यात, तिनं दोन्ही हातांनी धरलेला, संध्याकाळच्या लग्नाचा दोन मजली केक होता.

संयोजकानं सांगितलं, भरलेली फी परत मिळत नाही. घरातली दुसरी गाडी चालेल, पण ज्याच्या नावावर असेल त्यानंच चालवायची. व्हॅन बायकोच्या नावावर होती, कारण हप्ते तिनं भरले होते.

"बक्षीस किती?" बायकोनं विचारलं. आकडा ऐकून तिनं व्हॅनचं इंजिन बंद केलं. त्यात ओव्हन येत होता. "केक उतरवणार नाही," ती म्हणाली, "बाहेर ऊन आहे."

त्या धुळीत मीही उतरणार नाही, असं आईनं जाहीर केलं. आईनं पट्टा बांधलेला होता. संयोजकाला नियमात आईविरुद्ध काही सापडलं नाही.

सरावाच्या फेरीत बावीस सेकंदांवर थोडं लागलं. बायकोनं क्रीमच्या पिशवीनं काचेवर सुबक बावीस काढलं आणि निघाली. रोज निघते तशीच, हळूच, केकला धक्का लागणार नाही अशी. लोक पोट धरून हसले. पहिल्या फेरीत समोर असलेला, पोहायला शिकवणारा मास्तर व्हॅनच्या मागे असा सुटला की स्वतःच लिहिलेल्या वेळेच्या आधी पोचला आणि बाद झाला. पुढच्या फेरीतला पाववाला घाबरून इतका जपून आला की मागेच राहिला. व्हॅन मात्र दर वेळी तेवढाच वेळ घेत होती. फक्त आईच्या अंगठ्याला थोडं क्रीम लागलं होतं. हसणं हळूहळू बंद झालं.

अंतिम फेरी दातांच्या डॉक्टरशी होती. त्याआधी बायको हात धुवायला गेली आणि नवरा व्हॅनपाशी एकटा उरला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बायको एवढी झटतेय, आपणही हातभार लावावा, एवढंच. आधी त्यानं जादा चाक उतरवलं. मग अवजारांची पेटी, मग केकचे लोखंडी कप्पे. मग जीव मुठीत धरून केक उचलला आणि संयोजकाच्या थंड तंबूत नेऊन ठेवला. शेवटी त्यानं आईकडे पाहिलं.

"आई, जरा उतरतेस?"

"का?"

"वजन," तो म्हणाला.

आई पदर सावरत उतरली.

बायको आली तोवर पुकारा झाला होता. केक सावलीत आहे, आईही आहे, तू निर्धास्त जा, असं तो म्हणाला. पाठीमागे केक नाही म्हटल्यावर तिचाही पाय कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला. व्हॅन सुटली ती डॉक्टरच्या कितीतरी पुढे पोचली. नवरा दोन्ही हात वर करून नाचायला लागला. मग त्यानं वेळेचा फलक वाचला. फलकावर एकवीस होतं.

"आधी पोचली ना ती?" आईनं विचारलं. त्यानं हात खाली घेतले. "नियम काय होता, सांग ना परत. मीठदाणी आणू?"

बायकोनं कप्पे परत लावले, केक ठेवला, आईला बसवलं. लग्नघरी केक वेळेवर पोचला. रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "अहो, गाडी विका."

पुढच्या रविवारी घ्यायला आला तो दातांचा डॉक्टरच. बक्षिसाचे पैसे त्याच्या खिशात होते, आणि शेजारी त्याची बायको होती, हाताची घडी घातलेली. डॉक्टर लाल गाडीभोवती फिरला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "खर्च निघतो का हो यातून?"

"स्वतःचा खर्च स्वतः काढते," नवरा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, त्यामुळे ते खरं वाटलं.

डॉक्टरच्या बायकोला ते पुरेसं वाटलं नाही. ती पाणी मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आली. तिथं केक एका अंगानं करपल्याचा वास भरला होता.

"ताई, तुम्ही खरं सांगाल," ती हळू आवाजात म्हणाली. "आमचं घराचं रंगकाम दोन वर्षं अडलंय. खरंच निघतो का हो खर्च?"

बायकोनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून जुन्या ओव्हनकडे पाहिलं. कोपऱ्यात आई खोकली.

"आमचा तर निघाला," बायको म्हणाली, आणि न जळलेल्या बाजूचा एक तुकडा कापून तिनं तिच्या हातात ठेवला.