जीनमागच्या गल्लीची मोजणी

अन्नपूर्णाबाईंनी रिकामी घागर शालिग्रामच्या पायाशी ठेवली आणि कपड्यांची पिशवी उचलली. "गल्लीत नळ आला की बलवा मले. तोपर्यंत मी सुलतानपूरले, भावाच्या घरी."

शालिग्रामनं त्यांना अडवलं नाही. अडवायला तोंड कुठं होतं? ती बाई रोज कापसाच्या जीनच्या विहिरीवरून पाण्याच्या सात-आठ खेपा करत होती. गेल्या महिन्यात कमरेत उसण भरली, तरी खेपा चुकल्या नाहीत. बायको डोळ्यांआड झाली तसा त्याचा सगळा संताप नगरपालिकेकडे वळला. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली, खेड्यापाड्यांतली माणसं जीनमध्ये आणि आडतीत कामाला म्हणून इथं लोटली, एकेका खोलीत सात-सात जणं झोपतात, आणि या शहाण्यांच्या लेखी गाव अजून इंग्रजांच्या वेळेएवढंच. दाराला कुलूप ठोकून तो तडक कचेरीत गेला.

"जीनमागच्या गल्लीले नळ काऊन नाही?"

अनंत कारकुनानं शांतपणे वही काढली. "शंभर माणसांमागं एक नळ, असा नियम हाये. तुमच्या गल्लीत माणसं चौतीस."

"चौतीस? अरे, माह्या एकट्याच्या घरात..." एवढं बोलून शालिग्राम थांबला.

"तुमच्या घरात दोघं. नवरा आन बायको. खाली सही तुमचीच हाये ना?"

सही त्याचीच होती. मागच्या साली मोजणी झाली, तेव्हा घरपट्टी वाढेल म्हणून त्यानं सहाही खोल्यांतल्या भाडेकरूंना दिवसभर जीनच्या आवारात बसवून ठेवलं होतं. मोजायला आलेले वैजनाथ मास्तर तर त्याच्याच मागच्या खोलीत राहत होते. "निदान माह्यं नाव तरी लिहू द्या," असं ते काकुळतीनं म्हणाले. "नाव पाहिजे का खोली पाहिजे?" शालिग्रामनं विचारलं होतं, आणि मास्तरांनी मुकाट्यानं स्वतःलाच वगळलं होतं. त्याचं पाहून गल्लीतल्या बाकीच्या घरमालकांनीही तेच केलं.

पण हे आठवून शरमेल तो शालिग्राम कसला. "पुन्हा मोजा," तो म्हणाला. "मोजणी होईपर्यंत मी इथून हालत नाही."

आणि खरंच, तीन दिवस कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो व्हरांड्यात ठाण मांडून बसला. जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून सांगायचा, "बाजारात ढोरं मोजतात. आमाले कोणी मोजत नाही. आमी काय माणसं नाही?" हे तो अगदी मनापासून बोलायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अनंत बाहेर आला. "झाली मोजणी. एकशे सहा माणसं. आता जा बाप्पा घरी."

महिन्याभरात नळ आला, आणि तोही शालिग्रामच्या ओट्याला लागून. सुलतानपूरला निरोप गेला. अन्नपूर्णाबाई आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेली घागर घेऊन नळावर गेल्या. पाणी यायचं एकच तास. भांडणं नकोत म्हणून नगरपालिकेनं मोजणीच्या यादीवरूनच पाळ्या लावून दिल्या होत्या, आणि यादी होती शालिग्रामच्या भाडेकरणीकडे, सिंधूताईकडे. तिनं कागद दोनदा वरून खालपर्यंत पाहिला.

"तुमचं नाव नाही दिसत यात, बाई."

शालिग्राम ओट्यावरून खाली उतरला. "घर माह्यं, ओटा माहा, नळासाठी तीन दिवस बसलो मी. आन माह्यंच नाव नाही?"

वैजनाथ मास्तर रांगेत बादली घेऊन उभे होते. "मीच आलतो मोजाले," ते म्हणाले. "तीन दिवस आलो. तुमच्या दाराले कुलूप. मंग लिहिलं, कोणी राहत नाही."

"मास्तर, तुमी त माह्याच घरात राहता. मी इथं राहतो हे तुमाले माहीत नाही?"

"माहीत त मले मागच्या वर्षीही होतं," असं म्हणून मास्तरांनी बादली थोडी पुढे सरकवली.

शालिग्रामनं रांगेकडे पाहिलं. त्याची सगळी माणसं, सहाही खोल्यांतली, पाळीनं उभी होती आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी रिकामी घागर त्याच्या पायाशी ठेवली.

"सिंधू," त्यांनी विचारलं, "सुलतानपूरची यष्टी कितीले हाये?"