काकांचा कोट आणि आमचं गुप्त सत्कर्म

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या ओळखीतले सगळे काही ना काही सोडतात. कुणी मांस, कुणी चहा. मेहुणा तर दरवर्षी सिगारेट सोडतो आणि आठवड्याभरात तीच त्याला शोधत येते! मी यंदा छाती फुगवून ठरवलं : साखरबिखर सोडणं पोराटोरांचं काम. आपण गुप्त सत्कर्म करायचं! पाद्रीबाबा म्हणालेच होते, करणाऱ्याचं नाव फक्त देवाला कळावं. म्हणजे बायकोलाही नाही. पुण्य अख्खं माझ्या एकट्याच्या खात्यावर!

खाली घरमालकीण काकू एकट्या राहायच्या. काका जाऊन वर्ष झालेलं. दुपारी त्या प्रार्थनेला गेल्या की मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. मी आत शिरलो आणि गळका नळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी काकांचे बूट असे चमकवले की त्यांत माझं टक्कल दिसावं!

त्याच संध्याकाळी काकू वर आल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"अरे, घरात कुणीतरी येतं. यांचे बूट चकचकीत, दाराकडे तोंड करून ठेवलेले!"

बोलावं, तर पुण्य बुडालं!

"आणि यांचा कोट कपाटातून निघून खुर्चीवर बसलाय!"

कोटाला मी हातही लावला नव्हता!

"उद्या प्रार्थना झाली की मी भावाकडे चालले. घर विकून टाकते."

म्हणजे काकूंचं घर जाणार, आणि आमचंही! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पडद्यामागे दबा धरून उभा राहिलो. खोलीत अंधूक उजेड. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग मागचं दार करकरलं. पावलं आली, खुर्चीपाशी थांबली. कोटाची रिकामी बाही हळूहळू वर उचलली गेली...

मी किंचाळलो. कोटही किंचाळला!

कोटामागून हातात ब्रश घेतलेली आमची ही बाहेर आली.

"अहो, तुम्ही?"

"तू?"

"गुप्त सत्कर्म! कोटाची धूळ झटकतेय! तुम्ही काय करताय?"

"तेच! बूट, नळ..."

दारात काकू उभ्या होत्या, हातात बॅग. सगळं ऐकून त्या खो खो हसल्या.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं! जन्मभर बूट मलाच पुसायला लावले. मला वाटलं, मेल्यावर सुधारले! बरं, घड्याळ कुणी चालू केलं रे? वर्षभर बंद होतं. घरातलं तेवढं एकच काम हे करायचे, घड्याळाला किल्ली द्यायचं."

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं.

टिक. टिक. टिक.

काकूंनी बॅग अलगद खाली ठेवली. कोटाची बाही सरळ केली.

"असं होय! मग मी कुठ्ठे जात नाही. एक काम तरी करतायत ना!"

आम्ही जिना कसा चढलो, ते विचारू नका.

सध्या मी साखर सोडली आहे. घरच्या घरी सोडता येते!