पुढच्या वर्षीचं उद्यान

अजमानमधील आमच्या वसाहतीच्या उद्यानात बसायला जागा नाही, ही बाब ॲडेलिन आंटींनी प्रथम निदर्शनास आणली. तोपर्यंत ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण उद्यानात कोणी बसत नसे.

ॲडेलिन आंटी वसईच्या. मुलगा विन्स्टन आणि सून करेन यांच्याकडे त्या व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. विन्स्टनचं ऑफिस दुबईत, करेन शारजाच्या एका हॉटेलात. ट्रॅफिकमधून सुटून दोघं घरी येईपर्यंत अंधार पडलेला असे. त्यामुळे त्यांच्या सहा वर्षांच्या लॅरिसाला संध्याकाळी उद्यानातल्या एकुलत्या एका झोपाळ्यावर नेण्याचं काम आंटींकडे आलं. पण आंटींचे गुडघे थोडं उभं राहिलं की बोलू लागत. मग रडणाऱ्या नातीला हाताला धरून त्या घरी परतत.

"एक बाकडं टाका रे बाबांनो," आंटी म्हणाल्या. "पोर झोका घेईल, मी बसून बघेन. मला दुसरं काही नको."

हे त्या रहिवासी उद्यान व सुविधा मंडळासमोर म्हणाल्या. मी या मंडळाचा सचिव. उपेंद्र बेहेरे अध्यक्ष आणि लतिका सामंत खजिनदार. सर्व सभासदांनी विनंती सहानुभूतीपूर्वक ऐकली. सहानुभूतीला मंजुरी लागत नाही.

"आंटी, बाकडं असं डायरेक्ट टाकता येत नाही," उपेंद्र म्हणाले. "आधी नीड प्रूव्ह व्हायला हवी. सर्व्हे करू, प्लॅन करू, मग बजेट. इन्शाल्ला होऊन जाईल."

"मग तोवर मी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणते."

"खाजगी फर्निचर उद्यानात अलाउड नाही," मी नियम सांगितला. तो मीच लिहिला होता, त्यामुळे पाठ होता.

सर्वेक्षणात मंडळाने कसूर केली नाही. घरटी प्रश्नावली गेली. तिच्यात पहिलाच प्रश्न होता: आपण या वसाहतीत आणखी किती काळ राहणार? नियोजन भविष्याचं असतं, म्हणून हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. सर्व घरांतून एकच उत्तर आलं: पुढच्या वर्षी परत जाणार.

यात कोणी खोटं बोललं असं समजू नये. आम्ही सगळे खरोखरच पुढच्या वर्षी परत जाणार आहोत. उपेंद्र तर त्यांचा तनिष पहिलीत होता तेव्हापासून पुढच्या वर्षी जाणार आहेत. आता तनिष नोकरीला लागला. लतिकाताईंच्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, कारण सोफा परत न्यायचा आहे. मीही दरवर्षी जानेवारीत पॅकर्सवाल्यांना दर विचारून ठेवतो.

तनिषने आकडे संगणकात घातले आणि बैठकीत भिंतीवर आलेख दाखवला. रेघ या वर्षी छतापर्यंत होती. पुढच्या वर्षी सरळ जमिनीवर.

"ही रेघ काय म्हणते?" मी विचारलं.

"पॉप्युलेशन झीरो, अंकल," तनिष म्हणाला. "नेक्स्ट इयर देअर इज नोबडी."

आपल्या वसाहतीवर एवढं संकट येत असताना आपण बाकड्याचा विचार करत होतो, याची सर्वांना लाज वाटली.

"रिकाम्या वसाहतीला बाकडं कशाला?" लतिकाताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. "उद्या ऑडिटमध्ये कोणी विचारलं, यावर बसणार कोण, तर आपण काय सांगणार?"

बाकड्याचा प्रस्ताव फेटाळण्यात आला. पण सुविधा निधी तसाच पडून होता आणि वर्षाअखेर खर्च झाला नाही तर पुढल्या खेपेला कमी मिळणार होता. ज्या वसाहतीतले सगळेच जाणार आहेत, तिला कोणत्या सुविधेची गरज असते, यावर चर्चा झाली. उत्तर उघड होतं. जायच्या सुविधेची.

अशा रीतीने निरोप चौकाची योजना आकाराला आली. ग्रॅनाइटचा चौथरा, वर दिव्यांची कमान, आणि जाणाऱ्याने फोटो काढून घ्यावा म्हणून एक सोनेरी चौकट. "नुसत्या ग्रॅनाइटलाच चाळीस हजार दिऱ्हम," लतिकाताई म्हणाल्या, आणि सवयीने पुढे पुटपुटल्या, "म्हणजे नऊ-दहा लाख रुपये! गावाकडे यात घराला मजला चढला असता." तरी त्यांनी मंजुरी दिली, कारण जाताना माणसाने खर्चाकडे बघू नये. बैठकव्यवस्था ठेवली नाही. निघालेला माणूस बसत नाही, असं त्यासाठी नेमलेल्या सल्लागाराचं मत पडलं.

चौथऱ्याला सपाट जागा हवी होती. तशी एकच होती, झोपाळ्याखाली. मुलंही आईबापांबरोबर पुढच्या वर्षी जाणारच असल्याने झोपाळा काढण्यात आला.

आंटी काठी टेकत थेट बैठकीत आल्या. "मी बाकडं मागितलं, तुम्ही झोपाळा नेला? अरे, पोर रोज संध्याकाळी त्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहते!"

"आंटी, तुमच्या भावना मिनिट्समध्ये घेतो," मी म्हणालो. "पण सर्वेक्षणात तुमची गणना होत नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात जाणार, म्हणजे तात्पुरत्या."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पुढच्या वर्षी जाणार," उपेंद्र अभिमानाने म्हणाले. "म्हणजे परमनंट."

चौक वेळेत पूर्ण झाला. उद्घाटनाला आता फक्त जाणारा माणूस हवा होता. त्याच्या शोधात मंडळ दारोदार फिरलं. कोणाच्या मुलीची बारावी होती, कोणाचा गाडीचा हप्ता राहिला होता, कोणाचा व्हिसा नुकताच रिन्यू झाला होता. बाकीच्यांना सध्या मार्केट बरोबर नव्हतं. जाणाऱ्यांच्या एवढ्या मोठ्या वसाहतीत जाणारं कोणी सापडेना. अखेर विन्स्टनचं दार वाजवावं लागलं. तिथे खरोखर बॅग भरलेली होती.

त्या संध्याकाळी कमानीचे दिवे लागले. आंटी सोनेरी चौकटीत उभ्या होत्या. उपेंद्रांनी स्थलांतर या विषयावर भाषण केलं, लतिकाताईंनी निधीचा आढावा घेतला, मी सर्वांचे आभार मानले आणि मग राहिलेल्यांचे मानले. तोवर उभं राहून आंटींचा चेहरा पांढरा पडला होता.

"खुर्ची आणू का घरून?" विन्स्टनने विचारलं.

"मंजूर आराखड्यात खुर्ची नाही," मी म्हणालो.

विन्स्टन गाडीकडे गेला, डिकीतून आईची बॅग काढली आणि चौथऱ्यावर आडवी ठेवली. आंटी तिच्यावर बसल्या. लॅरिसा धावत येऊन त्यांच्या मांडीत शिरली. सामानाबद्दल नियमात काहीच नसल्याने मला हरकत घेता आली नाही. आमच्या उद्यानात कोणी बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. खरं सांगायचं तर मिनिट्समध्ये तशी नोंद घ्यावीशी वाटली, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

"यल्ला मम्मी, निघू या, फ्लाइट आहे," शेवटी विन्स्टन म्हणाला.

"आता तुम्ही कधी येणार वसईला?" आंटींनी विचारलं.

"पुढच्या वर्षी. नक्की."

लॅरिसाने मान वर करून बापाकडे पाहिलं. "डॅडी, रियल नेक्स्ट इयर, ऑर युवर नेक्स्ट इयर?"

आंटींनी तिला पुन्हा छातीशी धरलं, विन्स्टनने बॅग उचलली आणि बसायची जागा विमानतळाकडे रवाना झाली.

आता यंदाचं सर्वेक्षण सुरू आहे आणि मंडळाने ते वसाहतीबाहेरच्या लोकांनाही खुलं केलं आहे. आपण हे कुठेही बसून वाचत असाल, दुबईत, पुण्यात किंवा आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तरी भाग घेऊ शकता. प्रश्न एकच: आई फोनवर "कधी येतोस?" असं विचारते, तेव्हा आपण काय सांगता? लिहिण्याची तसदी घेऊ नये. आपलं उत्तर आम्ही भरून ठेवलं आहे.